विभागाविभागांतून फिरणारे आकडे

कोणत्याही मोठ्या विद्यापीठाचं वेळापत्रक काढून बघा. वाणिज्य शाखेत ‘बिझनेस स्टॅटिस्टिक्स’ असतं, जीवशास्त्रात ‘बायोस्टॅटिस्टिक्स’. मानसशास्त्राच्या संशोधन पद्धतीच्या पेपरात त्याचा मोठा वाटा असतो, इंजिनीअरिंगच्या गणितात एक युनिट असतं, आणि कृषी महाविद्यालयात ते शेतावरच्या प्रयोगांबरोबर येतं. मुलं वेगळी, पुस्तकं वेगळी, शिकवणारी माणसं वेगळी. पण वर्गात डोकावलं तर फळ्यावर तीच सरासरी, तेच प्रमाण विचलन, तोच टी-टेस्ट. वाणिज्यच्या मुलीला वाटतं हे दुकान-बाजाराचं गणित आहे. मायक्रोबायोलॉजीच्या मुलाला वाटतं हे पेट्री डिशसाठीच तयार झालं. दोघं कॅन्टीनमध्ये एकाच टेबलावर बसतात, आणि आपण दोघांनी सकाळी एकच गोष्ट शिकली हे त्यांना कळत नाही.

मला या गोष्टीचं फार नवल वाटतं. पदार्थविज्ञानाचं सूत्र कोणी मानसशास्त्राच्या वर्गात शिकवत नाही, अर्थशास्त्रातला मागणीचा नियम वनस्पतिशास्त्रात चालत नाही. मग संख्याशास्त्राचा हा पहिला पेपरच सगळ्या भिंतींतून आरपार कसा जातो? याचं उत्तर त्याच्या जन्मकथेत सापडतं. हा विषय एका विभागात तयार होऊन नंतर बाकीच्यांना वाटला गेलेला नाही. त्याचा एकेक तुकडा वेगळ्या शास्त्राच्या अडचणीतून निघाला आणि शेजारच्या शास्त्राने उचलून नेला.

टी-टेस्टचंच घ्या. विल्यम सीली गॉसेट हा ऑक्सफर्डला रसायनशास्त्र आणि गणित शिकलेला तरुण १८९९ मध्ये डब्लिनच्या गिनेस कंपनीत लागला. ही बीअर बनवणारी कंपनी. बार्लीचं कोणतं वाण चांगलं, कोणत्या शेतातला माल घ्यावा, हे ठरवायला हाताशी असायचे चार-पाच प्रयोगांचे आकडे. त्या काळचं संख्याशास्त्र शेकडो, हजारो नोंदींवर पोसलेलं होतं. चार आकड्यांची सरासरी काढली तर तिच्यावर किती विश्वास ठेवायचा, याला समाधानकारक उत्तर नव्हतं. गॉसेट १९०६-०७ मध्ये लंडनला संख्याशास्त्रज्ञ कार्ल पीअर्सनच्या प्रयोगशाळेत जाऊन राहिला आणि १९०८ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्याचा लेख आला. कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने संशोधन छापू देत नसे.

या लेखातली सर्वांत सुंदर गोष्ट पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. आपलं सूत्र बरोबर आहे का, हे गॉसेटला तपासायचं होतं. त्याने ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांच्या नोंदी घेतल्या. त्या आधीच प्रसिद्ध झालेल्या होत्या. प्रत्येक नोंद पुठ्ठ्याच्या एकेका तुकड्यावर लिहिली, सगळे तुकडे नीट पिसले आणि चार-चारचे गट केले. ७५० गट झाले. प्रत्येक गटाची सरासरी आणि विचलन काढून, ते आकडे आपल्या सूत्राबरहुकूम पसरतात का हे त्याने पाहिलं. इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटरसुद्धा नसलेल्या काळात! मग ही पद्धत वापरून दाखवण्यासाठी त्याने घेतलेलं पहिलं उदाहरण बार्लीचं नव्हतंच. ते झोपेच्या औषधाचं होतं. दहा रुग्ण, प्रत्येकाला दोन औषधं आळीपाळीने, आणि प्रत्येक औषधाने किती तास जास्त झोप लागली याची नोंद. दुसऱ्या औषधाने पहिल्यापेक्षा सरासरी १.५८ तास जास्त झोप लागली होती. दहांपैकी नऊ जणांमध्ये फरक दुसऱ्या औषधाच्या बाजूचा, एकात शून्य.

बीअरच्या कारखान्यातला प्रश्न, पोलिसी मोजमापांवर केलेली पडताळणी, वैद्यकातलं उदाहरण. एकाच लेखात तीन जगं. आज फार्मसीची विद्यार्थिनी दहा उंदरांवर टी-टेस्ट लावते, तेव्हा गॉसेटच्या चार आकड्यांच्या अडचणीचंच उत्तर ती वापरत असते. उंदरांना बार्लीशी घेणं-देणं नाही, आणि सूत्राला दोघांशीही नाही. ‘आकडे थोडे आहेत, ते इतके-इतके विखुरलेले आहेत, मग सरासरीवर भरवसा किती?’ एवढंच त्याला विचारलेलं असतं.

तरीही सगळ्या विभागांत एकच गोष्ट शिकवली जाते म्हणून थांबलो, तर खरी गंमत निसटेल. सूत्र तेच राहतं, पण त्यामागचा विचार विभाग बदलला की बदलतो. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत लंबक हलवून गुरुत्वीय त्वरण दहादा मोजलं तर दहा वेगळे आकडे येतात. तिथे आपण गृहीत धरतो की खरं मूल्य एकच आहे, बाकी सगळी मोजमापाची चूक. वर्गातल्या दहा मुलांच्या उंचीतही दहा वेगळे आकडे येतात. इथे चूक कोणाची? कोणाचीच नाही. माणसं वेगळीच असतात.

हा फरक कळायला माणसाला बराच वेळ लागला. ॲडॉल्फ केतले हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या निरीक्षणांतल्या चुका घंटेच्या आकाराच्या वक्रात पसरतात, हे त्याच्या शास्त्राला ठाऊक होतं. त्याने स्कॉटलंडच्या साडेपाच हजारांहून जास्त सैनिकांच्या छातीचे घेर मांडले आणि तोच वक्र उमटला. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला, की निसर्ग एक आदर्श ‘सरासरी माणूस’ घडवू पाहतो आणि प्रत्यक्षातली माणसं म्हणजे त्या प्रयत्नातल्या चुका. खगोलशास्त्राची नजर माणसांवर जशीच्या तशी बसवली की असं होतं. इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने ती उलटी केली. त्याला सरासरीत फारसा रसच नव्हता, विखुरलेपणात होता. १८८६ मध्ये त्याने २०५ जोडप्यांच्या ९२८ प्रौढ मुलांच्या उंच्या मांडल्या. आईबापांची सरासरी उंची सर्वसाधारणपेक्षा तीन इंचांनी जास्त असेल, तर मुलांची सरासरी दोनच इंचांनी जास्त निघत होती. ठेंगण्या आईबापांची मुलं तशीच थोडी वर सरकलेली. दोन्ही टोकं मध्याकडे येत होती, आणि या परतण्यालाच ‘रिग्रेशन’ म्हणतात.

आज अर्थशास्त्राचे विद्यार्थी किंमत आणि मागणी यांच्यातून जी रिग्रेशनची रेषा काढतात तिचा उगम इथे आहे. (गाल्टन आणि पीअर्सन दोघेही मानववंश ‘सुधारण्याच्या’ कल्पनेचे कट्टर पुरस्कर्ते होते. ती कल्पना पुढे किती माणसांच्या जिवावर उठली, हेही वर्गात सांगायला हवं. सूत्र शिकवायचं आणि ते कशासाठी जन्मलं हे झाकायचं, हे मला पटत नाही.)

आणि ही रेषा कुठवर गेली पाहा. १९६०च्या दशकात डॅनिएल कानेमन हा मानसशास्त्रज्ञ इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत होता. शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस चांगलं शिकतो, हे त्याने सांगितलं. एक अनुभवी प्रशिक्षक उठून म्हणाला, आमचा अनुभव उलटा आहे. उत्तम कसरत केल्याबद्दल शाबासकी दिली की पुढची कसरत बिघडते, आणि वाईट कसरतीनंतर ओरडलं की पुढची सुधारते. कानेमनला तिथेच गाल्टनची रेषा दिसली. फार चांगल्या कामगिरीत कौशल्याबरोबर नशिबाचाही हात असतो, आणि पुढच्या वेळी नशीब तितकंच साथ देत नाही. शाबासकी दिली काय, न दिली काय. त्याने जमिनीवर एक खूण केली आणि प्रत्येक प्रशिक्षकाला तिच्याकडे पाठ करून दोन नाणी फेकायला लावली. पहिलं नाणं ज्यांचं सगळ्यात जवळ पडलं, त्यांतल्या बहुतेकांचं दुसरं दूर गेलं. तिथे ना शाबासकी होती, ना शिक्षा. आनुवंशिकतेच्या अभ्यासातली गोष्ट शिक्षणशास्त्राच्या वर्गात अशी उलगडते.

आपल्याकडची कथाही अशीच भिंती ओलांडणारी आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस हे कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. १९१५ मध्ये केंब्रिजहून परतताना त्यांनी ‘बायोमेट्रिका’चे खंड सोबत आणले. १९२० मध्ये नागपूरला सायन्स काँग्रेसचं अधिवेशन भरलं. तिथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲननडेल यांनी त्यांना कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचं विश्लेषण करायला सुचवलं. प्राणिशास्त्रज्ञाने पदार्थविज्ञानवाल्याला मानवशास्त्राचं काम दिलं! त्या वाटेने पुढे १९३६ मध्ये ‘महालनोबिस अंतर’ आलं. दोन गटांमधला फरक मोजायचा आहे, आणि मापं अनेक आहेत: उंची, डोक्याची लांबी, नाकाची रुंदी. उंच माणसाची इतर मापंही मोठी असण्याचा संभव असतो, म्हणून प्रत्येक फरक सुटा धरून बेरीज केली तर तीच गोष्ट दोनदा मोजली जाते. महालनोबिस यांच्या मापात ही एकमेकांत गुंतलेली माहिती वजा होते. आज शेकडो नोंदींमधून वेगळी पडलेली संशयास्पद नोंद शोधायला संगणकवाले हेच अंतर वापरतात. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची सुरुवातही १९३१ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजातच, पदार्थविज्ञान विभागाच्या आसऱ्याने झाली.

पुण्यात इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी मिळून महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापांचा अभ्यास केला. तो १९५१ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. एक मानववंशशास्त्रज्ञ, दुसरे अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्राचे. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावतीबाई आणि गरिबीची रेषा आखणारे दांडेकर एका पुस्तकाचे लेखक आहेत, हे मराठी वाचकांतही फार थोड्यांना माहीत असेल.

१९३६ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवावं. एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने आयरिस फुलांच्या तीन जातींची मापं घेतली होती. प्रत्येक जातीची ५० फुलं, प्रत्येक फुलाची चार मापं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने त्या वर्षी ती एका लेखात वापरली. आज मशीन लर्निंग शिकणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी पहिल्या आठवड्यात ही १५० फुलं उघडतो. यातल्या दोन जाती कॅनडातल्या गास्पे द्वीपकल्पाच्या एकाच कुरणातून आल्या होत्या, हे त्याच्या स्क्रीनवर दिसत नाही. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र तीच पहिली महत्त्वाची गोष्ट वाटेल, कारण माती आणि पाणी सारखं असताना फुलांत फरक पडला तर तो जातीचा म्हणता येतो.

इथे मला वाटतं आपण या विषयाच्या गाभ्याजवळ येतो. सूत्र सगळीकडे एकच असतं, पण ‘आकडा आला कुठून?’ या प्रश्नाचं उत्तर त्या-त्या विभागातच मिळतं. आपल्या शेतकऱ्यांना पीक कापणी प्रयोग माहीत आहे. गावातली काही शेतं निवडायची, त्यांत ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून तोलायचं आणि त्यावरून हेक्टरी उत्पादन काढायचं. हा तुकडा केवढा असावा, यावर १९४०च्या दशकात मोठा वाद झाला. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते, कारण त्यात वेळ आणि पैसा वाचतो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी दाखवून दिलं, की तुकडा फार लहान असला तर उत्पादन फुगून दिसतं. कारण गणितात सापडणार नाही, शेतात उभं राहिल्यावरच दिसेल. आखलेल्या रेषेवरची रोपं आत धरायची की बाहेर? कापणाऱ्याचा कल ती आत घेण्याकडे असतो. मोठ्या तुकड्यात रेषेवरची रोपं एकूण पिकाच्या मानाने थोडी, म्हणून फरक जाणवत नाही. लहान तुकड्यात तीच रोपं मोठा वाटा उचलतात. सूत्र निर्दोष, बेरीज बरोबर आणि उत्तर चुकीचं! कृषी महाविद्यालयातला शिक्षक हे उदाहरण बांधावर उभं राहून शिकवू शकतो. फक्त गणित शिकलेल्याला ते सुचेलच असं नाही.

याच्या उलटही होतं. ज्या आकड्यांशी आपण रोज झटतो, त्यांतलीच गाठ बाहेरच्या माणसाला चटकन दिसते. याचं सर्वांत मोठं उदाहरण विद्यापीठाच्या विभागांबद्दलचंच आहे. १९७३ च्या शरद सत्रासाठी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशाला ८४४२ पुरुषांनी आणि ४३२१ स्त्रियांनी अर्ज केले. पुरुषांतल्या ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, स्त्रियांतल्या ३५ टक्क्यांना. इतक्या मोठ्या संख्येत हा फरक योगायोगाचा असणं अशक्य. भेदभाव झाला असं कोणीही म्हणेल. संख्याशास्त्रज्ञ पीटर बिकल, मानववंशशास्त्रज्ञ यूजीन हॅमेल आणि त्यांचा सहकारी ओकॉनेल यांनी विभागवार आकडे काढले. सहा मोठ्या विभागांचे आकडे आज जगभर शिकवले जातात. पहिल्या विभागात पुरुषांपैकी ६२ टक्क्यांना प्रवेश, स्त्रियांपैकी ८२ टक्क्यांना. दुसऱ्यात ६३ आणि ६८. तिसऱ्यात ३७ आणि ३४. चौथ्यात ३३ आणि ३५. पाचव्यात २८ आणि २४. सहाव्यात ६ आणि ७. चार विभागांत स्त्रिया पुढे, दोनांत पुरुष किंचित पुढे. तरी सहाही एकत्र केले की पुरुष ४५ टक्के आणि स्त्रिया ३० टक्के!

हे पहिल्यांदा वाचताना कागद-पेन्सिल घेऊन बसावं, इतकं ते अविश्वसनीय वाटतं. गुपित अर्जांच्या वाटणीत आहे. सहा विभागांतल्या २६९१ पुरुषांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे १३८५ जणांनी पहिल्या दोन विभागांत अर्ज केले. तिथे दर तीनांपैकी जवळजवळ दोघांना जागा मिळत होती. १८३५ स्त्रियांपैकी तिथे अर्ज केले फक्त १३३ जणींनी. बाकीच्या सगळ्या अशा विभागांकडे गेल्या जिथे पुरुषांनाही सहज प्रवेश नव्हता. मग प्रश्न सरकतो. स्त्रिया त्या दोन विभागांकडे का वळल्या नाहीत? शाळेत गणिताची वाट त्यांच्यासाठी कोणी बंद केली होती का? याचं उत्तर द्यायला समाजशास्त्र लागेल, शिक्षणाचा इतिहास लागेल. टक्केवारीचं काम तिथे संपतं.

मग पहिला पेपर शिकवायचा कोणी? संख्याशास्त्र विभागाने, की प्रत्येक विभागाने आपापला? हा वादही जुना आहे. संख्याशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग स्वतः कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र विभागात होते. १९४० मध्ये त्यांनी ‘द टीचिंग ऑफ स्टॅटिस्टिक्स’ हा लेख लिहिला. विषयाचा पाया न शिकलेले लोक आपापल्या विभागात संख्याशास्त्र शिकवतात, याबद्दलची त्यांची तक्रार आजही लागू पडते. पाया न कळता शिकवलं, की काय-स्क्वेअर चाचणी हा पाककृतीसारखा पाठ करण्याचा विषय होतो. पण सुखात्म्यांची रेषेवरची रोपं आठवली, की दुसरी बाजूही तितकीच खरी वाटते. माझं मत विचाराल तर वर्ग विभागाचाच असावा, उदाहरणं विभागाचीच असावीत, पण महिन्यातून एक तास दोन विभागांनी एकत्र बसावं. आयरिसची फुलं संगणकवाल्यांनी वनस्पतिशास्त्राच्या मुलांकडून समजून घ्यावीत, आणि बर्कलीचं कोडं वाणिज्यच्या मुलांनी समाजशास्त्राच्या मुलांपुढे मांडावं.

अलीकडे सुरुवात कुठून करायची याचाही विचार बदलतो आहे. जॉर्ज कॉब या अमेरिकन प्राध्यापकाने २००७ मध्ये असं मांडलं, की घंटेचा वक्र आणि कोष्टकं यांच्यापासून आपण सुरुवात केली, कारण तेव्हा संगणक नव्हते. आता गॉसेटसारखे पुठ्ठ्याचे तुकडे पिसायला क्षण पुरतो, तर पिसण्यापासूनच सुरुवात का करू नये?

हे घरीही करून बघता येतं. एकाच रोपाच्या आठ कुंड्या घ्या. चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या चारांना नवं खत द्या. महिन्याने मोजा. समजा खताची चारही रोपं बाकीच्या चारांपेक्षा उंच निघाली. खताने काहीच केलं नसेल, तर रोपं आपापल्या गतीने वाढली असती आणि ‘खत’ लिहिलेल्या चार चिठ्ठ्या नेमक्या चार सर्वांत उंच रोपांना लागल्या, एवढाच योगायोग उरतो. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार आहेत, आणि त्यांतला एकच असा. म्हणजे शक्यता ७० मध्ये १, दीड टक्क्यापेक्षाही कमी. यात कॅल्क्युलस नाही, कोष्टक नाही. कुंड्यांच्या जागी आठ विद्यार्थी ठेवा, खताच्या जागी शिकवण्याची नवी रीत: पुन्हा ७०. आठ रुग्ण आणि एक औषध: पुन्हा ७०. फिशरने १९३५ च्या आपल्या पुस्तकात हेच चहाच्या आठ कपांवर समजावलं. चार कपांत दूध आधी ओतलेलं, चारांत चहा आधी, आणि चव घेऊन दोन्ही ओळखता येतात असं म्हणणारी एक बाई.

फक्त एक अट आहे, आणि ती प्रत्येक विभागाने आपापल्या भाषेत शिकवावी लागते. चिठ्ठ्या खरोखर टाकलेल्या हव्यात. खताच्या चार कुंड्या सोयीसाठी खिडकीजवळ ठेवल्या असतील, तर उंचीचा फरक उन्हाचा की खताचा, हे ७० मध्ये १ हा आकडा सांगू शकत नाही. फिशर तेव्हा ज्या रोथॅमस्टेडच्या शेतीकेंद्रात काम करून आला होता, तिथे कोणत्या पट्ट्याला कोणतं खत हे असंच नशिबावर सोडलं जायचं. चहाच्या प्रयोगातही कोणता कप कितव्या क्रमाने त्या बाईंपुढे जाणार हे चिठ्ठीनेच ठरवायचं, असं त्याने लिहून ठेवलं आहे.